अकरा नंबरची वाटी

तेजस्विनीने त्या दिवशी सातव्यांदा तोच आलेख छापला, त्याच्याकडे पाहिलं, कागदाचा बोळा केला आणि कोपऱ्यातल्या टोपलीकडे भिरकावला. तो टोपलीत पडला नाही. गेले दहा दिवस या ऑफिसात काहीच जागेवर पडत नव्हतं, मग कागदानेच काय पाप केलं होतं!

"शेवटचं विचारते," ती खोलीच्या दारात उभी राहून म्हणाली. "अकरा नंबरला कोणी हात लावलाय?"

कोथरूडमधल्या इमारतीच्या दोन मजल्यांवरच्या त्या जागेत तिला सोडून सगळी मिळून नऊ माणसं. नऊच्या नऊ जणांनी नाही म्हणून मान हलवली. झाडलोट करणाऱ्या बायडाबाईंनी तर दोन्ही हात वर करून दाखवले. "त्या खोलीच्या उंबऱ्याशी माझा झाडू थांबतो बाई, तुम्हीच सांगून ठिवलंय."

अकरा नंबर म्हणजे धातूची एक वाटी. आमटीची नव्हे, चमचाभर लोणचं मावेल एवढीच, खाली दांडा, वर काठाला आठ बारीक दाते. काचेच्या झाकणाखाली हवा काढून घेऊन ती ठेवायची आणि विजेने कंप पावत ठेवायची. कंप पावताना तिचा गोल काठ एकदा असा लांबट होतो, एकदा तसा. वाटी जिच्यावर बसवली आहे ती वस्तू वळली, की हा लांबटपणाही मागोमाग वळतो, पण पुरता नाही, थोडा मागे राहतो. किती मागे राहिला हे मोजलं की वस्तू किती वळली ते कळतं. बोगद्यासाठी डोंगरात भोक पाडणाऱ्या यंत्राला आत ना सूर्य दिसतो ना उपग्रह. आपण सरळ चाललोय की वाकडे, हे त्याला ही वाटी सांगणार होती.

अट एकच. वाटीने कोणत्याही दिशेला झुकतं माप देता कामा नये. सेकंदाला पाच हजार कंपनं, आणि दोन दिशांच्या कंपनांतला फरक एका कंपनाच्या शंभराव्या भागाहून कमी. तेजस्विनीने सात वर्षं या वाटीत घातली होती. पहिल्या दहा वाट्यांनी तिच्या नाकी नऊ आणले. अकरावी जमली. दसऱ्याआधी जमली आणि दसऱ्याच्या सुटीनंतर सोमवारी पाहिली तर फरक अर्ध्या कंपनाचा! अर्धं कंपन म्हणजे त्या यंत्राने डोंगरातून भलत्याच गावी निघायचं.

आणि शुक्रवारी गिऱ्हाईक येणार होतं, बोगदेवाल्या कंपनीच्या दीपाली मॅडम.

"शुक्रवारी दीपाली मॅडमना अकरा नंबर चालू दाखवता आला नाही, तर मॅडम, सॉरी टू से, पण हा प्रोजेक्ट मी बंद करतोय," ऋषीने सांगून टाकलं होतं. ऋषी कंपनीचा मालक. वय एकतीस, मांजरी गावातल्या घरच्या शेतात इमारती उभ्या राहिल्या त्यातून आलेल्या पैशावर कंपनी काढलेली. मुलगा वाईट नव्हता. फक्त वाक्यागणिक एकदा घड्याळ बघायचा. "बाहेरचे सेन्सर आणू, डबीत घालू, विकू. किती दिवस एकाच वाटीला वाजवत बसायचं?"

तिने वीजपुरवठा बदलला. तारा बदलल्या. खोलीचं तापमान तीन दिवस एकाच अंशावर स्थिर धरलं, त्यापायी स्वतः स्वेटर घालून बसली. सॉफ्टवेअरवाल्या पोराने "मॅडम, रीस्टार्ट करून बघितलं का?" असं विचारलं, तेव्हा तिने त्याच्याकडे असं पाहिलं की तो चहा प्यायला गेला तो तासाभराने आला. एकच गोष्ट रोज तशीच राहिली. एका दिशेचं कंपन सेकंदाला अर्ध्या कंपनाने मंदावलेलं.

बुधवारी तिने जब्बारचाचांना वर बोलावलं.

जब्बारचाचा वाट्या घासायचे. पस्तीस वर्षं एका कारखान्यात टूलरूममध्ये काढून निवृत्त झालेले. गंज पेठेतून स्कूटरवर यायचे. दात्याच्या टोकावरून कानस एकदा ओढली की किती धातू गेला, हे ते काट्याआधी सांगायचे. प्रत्येक वाटीचा कीस ते टिचभर कागदात पुडी बांधून, वर नंबर टाकून एका डब्यात ठेवत. कशाला, असं कोणी विचारलं तर म्हणत, "काढलेल्याचा हिशेब नको का राहायला?"

"एक नंबरच्या दात्यावरून घ्या," तेजस्विनी म्हणाली. "एक, तीन, पाच, सात ही बाजू जड झालीय. एक नंबर सगळ्यात जाड आहे, त्यातून काढा."

चाचांनी चष्मा कपाळावर चढवला. "दसऱ्याआधी बरोबर होतं ना, बाई?"

"होतं."

"मग आता जड कशी झाली? धातू काय वाढतो?"

"चाचा, माझ्याकडे दोन दिवस आहेत."

"जड झाली म्हणजे काहीतरी बसलंय. चारी दाते आतून बघू, पुसून घेऊ. मग घासू. घासलेलं परत चिकटत नाही."

तेजस्विनीचं डोकं इथे फिरलं. दहा दिवस सगळं तपासून थकलेल्या माणसाला कोणी "आधी पुसून बघा" म्हटलं की काय होतं, ते तसं थकल्याशिवाय कळायचं नाही. "स्पिरिटने धुऊन मी स्वतः ठेवलीय ती. कार्डावर माझी सही आहे. माझ्याशिवाय त्या वाटीला कोणी शिवलेलं नाही. तुम्हाला दिसत नसेल नीट तर तसं सांगा, मी घासते."

हे शेवटचं वाक्य बोलू नये असं होतं. ते बोलून झाल्यावर तिला कळलं.

चाचांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेतला. त्यांनी वाटी चिमट्यात धरली, एक नंबरच्या दात्यावरून कानस तीनदा ओढली, कीस पुडीत बांधला. वाटी पुन्हा झाकणाखाली गेली, हवा काढली, आणि पडद्यावर फरक शंभराव्या भागाच्या आत येऊन बसला. ऋषीने टाळ्या वाजवल्या. तेजस्विनीला रडू यायचं बाकी राहिलं होतं.

प्रत्येक वाटीला एक कार्ड असे. कधी घासली, का घासली, आणि पुढे दोन सह्या: जिने सांगितलं तिची आणि ज्याने घासलं त्याची. दोन्ही सह्या असल्याशिवाय वाटी बघणारसुद्धा नाही, ही दीपाली मॅडमची अट होती. चाचांनी कार्ड घेतलं, 'कारण'च्या रकान्यात सावकाश लिहिलं, "बाईंच्या सांगण्यावरून." सहीची जागा कोरी ठेवली आणि डबा घेऊन खाली निघून गेले. सात वर्षांत पहिल्यांदा.

"करतील सही, शुक्रवारपर्यंत राग जाईल," ऋषी म्हणाला.

राग कोणाचा जाणार होता कोण जाणे, पण फरक मात्र गुरुवारी दुपारी परत आला. आणि तोही उलटा! आता दुसरी दिशा मंदावलेली. संध्याकाळी आणखी. तेजस्विनीने हात टेकले. ही वाटी मुद्दाम आपल्याला छळायला जन्माला आलीय, यात तिला आता तिळमात्र शंका राहिली नाही.

शुक्रवारी सकाळी आठला तिने काचेचं झाकण उचललं. दीपाली मॅडम साडेअकराला यायच्या होत्या. वाटी बाजूला काढली आणि खालची बैठक पांढऱ्या कागदाने पुसली, उगाच, हाताला काहीतरी काम हवं म्हणून.

कागदावर तांबडं उमटलं.

ती कागदाकडे बघत राहिली. मग भिंग घेऊन तिने वाटी तिरपी केली. पाच नंबरच्या दात्याच्या आतल्या बाजूला, खाचेत, तांबड्याची एक पुसट रेघ उरली होती.

खंडेनवमीचा दिवस तिला लख्ख आठवला. सगळ्या यंत्रांची पूजा, झेंडूच्या माळा, ऋषीच्या हातात ताट आणि फोन. "मॅडम, अकरा नंबरला तुम्हीच! तुमचंच बाळ आहे." तिने ओलं कुंकू अनामिकेवर घेतलं होतं. बाहेरून नको, आपल्या डिझाइनवर डाग दिसायला नको, म्हणून काठाच्या आतून लावलं होतं. मग रुमालाने पुसलं होतं. पुसलं, असं तिला वाटलं होतं. वाटी धुतल्याची सही त्याच्या आधीची होती. आणि नंतर झाकण बंद करून ती घरी गेली होती, पुरणपोळीचा घाट घालायला.

हात लावलाय का, हे तिने दहा दिवस नऊ जणांना विचारलं. स्वतःला विचारलंच नाही. विचारलं असतं तरी नाहीच म्हणाली असती, कारण कुंकू लावणं म्हणजे हात लावणं, हे कोणाच्या डोक्यात येणार? आता ओलं कुंकू वाळून, बुधवारच्या कानशीच्या धक्क्यांनी सैल होऊन, दोन दिवस कंपनं खाऊन झडून गेलं होतं. राहिली होती ती एक नंबरच्या दात्यावर विनाकारण झालेली घट. तिला स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटली.

नऊ वाजता स्कूटर वाजली. ती जिना उतरून खाली गेली, चाचांसमोर तो कागद धरला. "मी लावलं होतं. खंडेनवमीला."

चाचांनी कागद पाहिला, तिच्याकडे पाहिलं. तिला वाटलं, आता बोलतील. बोलावंच त्यांनी, चांगलं खडसून बोलावं.

"कारखान्यात पस्तीस वर्षं माझ्या लेथला मीच हळदकुंकू वाहायचो," ते म्हणाले. "पण खालच्या, न हलणाऱ्या बेडवर. चकवर कधी नाही. फिरणाऱ्याला काही लावायचं नसतं, बाई." मग डबा उघडून त्यांनी एक पुडी काढली. "बुधवारचा कीस. हा तोला."

कीस भरला एक मिलिग्राम आणि वर थोडासा. एवढंच आता दुसऱ्या बाजूच्या दात्यांतून काढायचं होतं. पण दोन, चार, सहा हे दाते आधीच घासून घासून मर्यादेला आले होते. आठ नंबरमध्ये जेमतेम तेवढाच धातू शिल्लक होता.

"हे काढलं की संपलं," चाचा म्हणाले. "परत काही झालं तर या वाटीत द्यायला काही नाही."

"तुम्ही सांगाल तसं," तेजस्विनी म्हणाली. तिने आधी वाटी धुऊन, भिंगातून आठही दाते आतून बाहेरून त्यांना दाखवले. त्यांनी सावकाश बघितले. मग कानस उचलली.

अकरा वाजून पंचवीस मिनिटांनी पडद्यावर आकडा आला. पूर्वीइतका देखणा नव्हता, पण शंभराव्या भागाच्या आत होता, काठावर का होईना.

"येस!" ऋषी ओरडला. "कार्ड, कार्ड. सह्या करा पटापट, मॅडम लिफ्टमध्ये आहेत."

तेजस्विनीने कार्ड ओढलं. 'कारण'पुढे लिहिलं, "अज्ञात कण." सही केली आणि पेन चाचांपुढे धरलं.

चाचांनी अक्षर लावून वाचलं. "अज्ञात कसा? सकाळी मला दाखवलात की."

"चाचा, गिऱ्हाईक वाचणार ते," ऋषी म्हणाला. "कुंकू कुठे लिहिणार? इज्जत जाईल कंपनीची."

"बुधवारच्या ओळीवरून माझी जाते, त्याचं काय? लोक म्हणतील, म्हाताऱ्याने जास्त घासलं, म्हणून आज परत घासावं लागलं." चाचांनी पेनाला टोपण लावलं आणि ते टेबलावर ठेवलं. आवाज अजिबात चढला नव्हता.

बाहेर लिफ्टचं दार उघडल्याचं ऐकू आलं. सात वर्षं. एक सही. तेजस्विनीला ऋषीचा राग आला, चाचांचा आला, दसऱ्याचा आला, आणि सगळ्यात शेवटी, जिचा यायला हवा होता तिचा आला. तिने पेन उघडलं, 'अज्ञात कण' खोडलं आणि मोठ्या अक्षरात लिहिलं: "पाच नंबरच्या दात्याला कुंकू लागलं होतं. लावलं मी. जब्बारचाचांनी बुधवारी आधी पुसायला सांगितलं होतं. मी ऐकलं नाही."

ऋषीने कपाळावर हात मारून घेतला. दीपाली मॅडम दारात उभ्या होत्या. त्यांनी आधी कार्डच मागितलं.

"एक मिनिट," जब्बारचाचा म्हणाले. त्यांनी चष्मा खाली घेतला, बुधवारच्या कोऱ्या जागेत सावकाश आपलं नाव लिहिलं, मग त्याखाली आजच्या ओळीत. शाई वाळेपर्यंत फुंकर घातली आणि कार्ड दीपाली मॅडमच्या नव्हे, तेजस्विनीच्या हातात दिलं.

"तुम्ही द्या, बाई," ते म्हणाले. "वाटी तुमची आहे."