जोडीचं पान

छोट्या पुस्तिकांचा विषय शिकवणाऱ्या बाईंना वर्गातल्या पोरांनी ‘पांढरी जागा’ असं नाव ठेवलं होतं. कुणी काहीही करून आणलं तरी बाई चष्मा कपाळावर चढवत आणि म्हणत, ‘जरा पांढरी जागा सोडा.’ त्या वर्षी त्यांनी सांगितलं होतं की आठ पानांची पुस्तिका करायची, स्वतः मांडायची, स्वतः छापायची, स्वतः टाचायची. प्रती वीस. वाचक कोण, ते आधी ठरवायचं.

आता कलेच्या कॉलेजातली मुलं म्हणजे हौसेला मोल नाही. कुणी मांजरांवर पुस्तिका केली, कुणी एकटेपणावर, आणि एकाने तर आठही पानं कोरी ठेवून बाईंवर सूड उगवला. धाकटीने मात्र वाचकाच्या रकान्यात लिहिलं, ‘बाबा.’

धाकटी घरातली धाकटी म्हणून धाकटी. तिच्याहून पाच वर्षांनी मोठा दादा दोन वर्षांपूर्वी गेला. नव्या नोकरीच्या गावी त्याचं सामान पोचवायला बाबा आणि तो गाडीने निघाले होते. वाटेत उभ्या ट्रकवर गाडी आदळली. दादा जागच्या जागी गेला, बाबा वाचले. वाचले म्हणजे काय, तर डोक्याला मार बसून मागची दहा-बारा वर्षं पुसली गेली आणि पुढचं काही टिकेना. आज सांगितलेलं उद्या सकाळी कोरं. त्यांच्या लेखी मुलगा पंधराचा होता, शाळेत जात होता, आणि धाकटी दहाची, दोन वेण्यांची ठमी होती.

त्यामुळे रोज सकाळी चहाचा कप हातात घेतला की बाबा विचारत, ‘अगं, पोरगा कुठाय?’

आई सुरुवातीला खोटं बोलली. पण तेव्हा घरी माणसांची रीघ. कुणी ना कुणी यायचं, बाबांचा हात धरायचं आणि तोंडावर म्हणायचं, ‘फार वाईट झालं हो, तरणाताठा मुलगा.’ खोटं दुपारपर्यंतसुद्धा तग धरेना. मग आई खरं सांगू लागली. रोज सकाळी, त्याच खुर्चीपुढे, तेच वाक्य. बाबा रोज पहिल्यांदा ऐकत आणि रोज पहिल्यांदा कोसळत. दोन वर्षांत आई इतकी वाळली की बांगड्या कोपरापर्यंत चढत.

आईच्या तोंडचं ते वाक्य काढून कागदावर ठेवायचं, एवढ्यासाठी धाकटीला ती पुस्तिका करायची होती. बाकी पांढऱ्या जागेचं काय ते बाई बघून घेतील.

तिने तीन महिने त्यावर घालवले. बाबांचा चष्मा लावून अक्षरं पाहिली आणि जाड, मोठा टाइप निवडला. फोटो निवडले. चार कोरे कागद मधोमध दुमडून नमुना केला आणि प्रत्येक पानावर पेन्सिलीने लिहिलं, कुठे काय. सुरुवातीला बाबा स्वतः: ‘आरशात दिसतात ते तुम्हीच. केस पांढरे झालेत, घाबरू नका.’ मग आई. तिसऱ्या पानावर धाकटी. चौथ्यावर घर, पाचव्यावर डॉक्टर आणि औषधं. सहाव्या पानावर दादा. ‘तोवर त्यांचे पाय जमिनीवर टेकलेले असतील,’ तिने बाईंना समजावलं. शेवटी आज काय करायचं ते.

वयाचे आकडे बाईंनी सगळीकडून काढायला लावले. एकच राहिला. ‘ही तुमची ठमी. आता बावीस वर्षांची आहे. केस कापलेत.’ तो आकडा नसता तर समोर उभी असलेली तरुणी आणि वेण्यांची पोर यांचा मेळ बसला नसता.

दादाच्या पानावर त्याचा हसरा फोटो होता आणि चार ओळी. ‘हा तुमचा मुलगा. दोन वर्षांपूर्वी गाडीच्या अपघातात तो गेला. त्याच अपघातात तुमच्या डोक्याला मार लागला. त्याचा तुमच्यावर फार जीव होता.’

छपाईच्या खोलीत मशीन सांभाळणारे काका तिखट तोंडाचे होते. निळा रंग भरताना त्यांनी ते पान वाचलं, आणि एरवी कागद वाया गेला की पोरांच्या सात पिढ्या उद्धारणारा तो माणूस वीसच्या वीस प्रती स्वतः टाचून देऊ लागला. ‘मी टाचते काका,’ ती म्हणाली. ‘असू दे. तू पुढची प्रत दुमड,’ काका म्हणाले.

एकोणीस प्रती कॉलेजच्या प्रदर्शनात गेल्या. विसावी तिने बाबांच्या उशाशी ठेवली. पहिल्या सकाळी दाराआडून आई आणि ती, दोघी बघत होत्या. बाबा उठले, पुस्तिका हातात घेतली, ओठ हलवत वाचू लागले. तिसऱ्या पानावर थांबून त्यांनी दाराकडे पाहिलं. ‘ठमे? एवढी मोठी झालीस?’ तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. सहाव्या पानाशी ते बराच वेळ बसून राहिले. रडले. आईला काही सांगावं लागलं नाही. धाकटीला वाटलं, जमलं.

मग बाबांनी मान वर करून विचारलं, ‘गाडी कोण चालवत होतं?’

हे काही त्या पानावर नव्हतं. धाकटीने मुद्दामच लिहिलं नव्हतं. आईने पदराचा बोळा तोंडाशी धरला आणि मग हात खाली घेऊन म्हणाली, ‘तुम्ही.’

म्हणजे झालं काय, की पूर्वी रोज एक वाक्य सांगायला लागायचं, त्यात निदान अपघाताचे तपशील नसायचे. तोंडी सांगितलं की बाबा रडत, पण पुढचं विचारायचं भान त्यांना उरत नसे. कागदावर शांतपणे वाचलं की त्यांचं डोकं चाले. तीस वर्षं पाण्याच्या मीटरचे आकडे टिपत दारोदार फिरलेला माणूस तो. आजच्या आकड्यातून मागचा आकडा वजा करायचा, उरेल ते लिहायचं, ही सवय मेंदूला मार लागूनही गेली नव्हती. वजाबाकी करून ते रोज त्याच प्रश्नाशी पोचत, आणि रोज आईला त्या माणसाच्या तोंडावर ‘तुम्ही’ म्हणावं लागे. आगीतून फुफाट्यात, दुसरं काय.

‘काढून टाक ते पान,’ आई आठवड्याभराने म्हणाली.

‘आई, पुस्तकात खोटं नको. एकदा खोटं घातलं की सगळंच खोटं.’

‘तुझं पुस्तक राहू दे बाजूला. मला रोज त्यांना मारायला लावतेस तू.’

धाकटीला राग आला. तिकडे प्रदर्शनात लोक त्या पानाशी थांबून डोळे पुसत होते. पांढरी जागा बाईंनी वर्गासमोर म्हटलं होतं, ‘हे पुस्तक काम करतं.’ सगळ्यात जास्त गुण तिला होते. आपलं चुकलंय हे तिला कळत नव्हतं असं नाही. पण बाविसाव्या वर्षी माणसाला स्वतःच्या कामाचं फार कौतुक असतं, आणि तिलाही होतं.

महिना झाला आणि बाबांचा हात पुस्तिकेला भिऊ लागला. डोक्यात काही राहत नव्हतं, पण बोटांनी कुठेतरी टिपून ठेवलं असावं. पाचव्या पानाशी आले की अंगठा थबके. ‘हे पुस्तक मला आवडत नाही,’ ते म्हणत. ‘का ते माहीत नाही.’ पहिल्या पाच पानांचे कोपरे हाताळून काळे पडले होते. पुढचे स्वच्छ होते. तरी बाबा पान उलटायचे. सवयीचा माणूस, रीडिंग अर्धं सोडून उठणार कसा.

त्यानंतरच्या सोमवारी धाकटी दात घासून बाहेर आली, तर बाबा खुर्चीतून उठून उभे राहिले. सदऱ्याचं वरचं बटण लावलं.

‘या, या. बसा ना. अगं, कोणीतरी आलंय बघ.’

तिला वाटलं, अजून वाचायचे असतील. पण पुस्तिका त्यांच्या मांडीवर उघडी होती, शेवटच्या पानावर. तिने हळूच ती उचलून चाळली. आईनंतर एकदम घर. औषधांनंतर एकदम आजची कामं. दुमडीत टाचण्या ढिल्या पडल्या होत्या.

आई स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होती. पोळपाटाखाली कागदाचं टोक दिसत होतं.

‘मी फक्त त्याचं ओढलं गं,’ आई म्हणाली. ‘तुझं आपोआप आलं.’

शाळेत गेलेल्या कुणालाही हे ठाऊक असतं. टाचलेल्या वहीचं पुढचं पान फाडलं की मागचं एक नाहक सुटतं, कारण दोन्ही मिळून कागद एकच. तिसऱ्या पानाची जोडी सहाव्याशी. चार कागद दुमडून नमुना केला तेव्हा धाकटीने स्वतःच्या हाताने एका कागदाच्या अर्ध्यावर स्वतःला आणि दुसऱ्या अर्ध्यावर दादाला लिहिलं होतं. तेव्हा तिच्या मनात काहीच आलं नव्हतं.

‘रडू नकोस,’ ती आईला म्हणाली. ‘माझं चिकटवते. पाच मिनिटांचं काम.’

खरंच पाच मिनिटांचं होतं. कागदाची बोटभर पट्टी कापायची, दुमडीत डिंकाने बसवायची, तिच्यावर सुटं पान. तिने पोळपाटाखालचा कागद ओढून आपला अर्धा कापून घेतला, मग पट्टी कापली. डिंकाच्या बाटलीचं झाकण उघडलं. बाहेरून बाबांचा आवाज येत होता.

‘अगं, पोरगा कुठाय?’

आईने धाकटीकडे पाहिलं आणि पदराला हात पुसत बाहेर गेली. ‘शाळेची सहल गेलीय ना. परवा येईल.’

‘आणि ठमी?’

‘शाळेत.’

‘पाऊण डबा परत आणते ती. लक्ष ठेव जरा.’ मग थोड्या वेळाने, ‘अजून एक पोळी दे.’

गेल्या दोन वर्षांत सकाळी त्यांनी दुसरी पोळी मागितली नव्हती. आई आत आली ती पोळी घ्यायला, आणि तिच्या चेहऱ्यावर जे काही होतं ते धाकटी विसरूच गेली होती. भेटायला येणारी माणसं केव्हाच बंद झाली होती. आता खोटं टिकणार होतं. रोज सकाळी ताजं सांगितलं की रोज रात्रीपर्यंत पुरणार होतं.

धाकटीने हातातल्या पानाकडे पाहिलं. ‘आता बावीस वर्षांची आहे.’ हे चिकटवलं की बाबा बाविसातून दहा वजा करणार. उरतील बारा. ते पंधरात मिळवणार. मुलगा सत्तावीसचा झाला, तर मग शाळेची सहल कसली? आकडा काढून ‘मोठी झालीय’ लिहिलं तर विचारणार, किती मोठी? त्यांना आकडा लागतोच. तिच्या पानापासून दादाच्या पानापर्यंत बाबा रांगत का होईना, पोचणारच होते. तिने स्वतःला घरात ठेवायचं तर दादालाही ठेवावं लागणार होतं, आणि तोही गेलेला म्हणूनच.

वीस प्रतींपैकी कुठलीही आणली असती तरी तेच.

तिने बाटलीचं झाकण घट्ट लावलं. आई बघत होती. ‘नको गं,’ आई म्हणाली, पण हळू म्हणाली, आणि दुसऱ्यांदा म्हणाली नाही. तिने दुसऱ्यांदा म्हणावं असं धाकटीला फार वाटत होतं. आईने पोळी ताटलीत घातली.

ती पोळी घेऊन धाकटी बाहेर गेली.

‘तुम्ही कशाला? बसा हो,’ बाबा संकोचून म्हणाले. ‘आपण कोण, ते कळलं नाही.’

‘मी मदतीला येते. सकाळची.’

‘बरं झालं. हिला एकटीला होत नाही. फार थकलीय.’ त्यांनी पोळीचा तुकडा मोडला. ‘आमची ठमी मोठी झाली की करेलच हो. पण आता तिला फक्त चित्रं आणि पुस्तकं. माझ्या जुन्या रीडिंगच्या पावत्या पाठकोऱ्या असतात ना, त्या कापून, टाचण्या मारून पुस्तकं करते. परवा एक पान चुकलं म्हणून फाडायला निघाली. म्हटलं, बाई गं, फाडू नकोस, मागचं बिचारं नाहक जाईल. खाडाखोड असू दे, पण पान असू दे.’

‘मग?’

‘ऐकते कसली!’ ते हसले. असं हसताना त्यांचा गाल उजवीकडे खळीसारखा ओढला जायचा, हेही तिला आत्ता आठवलं. ‘तुमच्या घरी कोण कोण असतं?’

‘आई असते. वडील असतात.’

‘काय करतात वडील?’

ठरवलेलं काहीच नव्हतं, म्हणून जे होतं तेच तोंडून गेलं. ‘पाण्याच्या मीटरचं रीडिंग घेतात.’

‘अरे वा! म्हणजे आमच्याच खात्यातले की!’ बाबांचा चेहरा उजळला. ‘मी ओळखत असणार. उन्हातान्हाचं काम असतं हो, पायांचे तुकडे पडतात. घरी आले की पाणी द्या त्यांना आधी. आणि मी विचारलं म्हणून सांगा.’

‘सांगते,’ धाकटी म्हणाली, आणि ताटली उचलायला वाकली.