ग्वाल्हेरची पंगत

दोरीवरून जमेल तेवढं पुढे वाकून अंजनानं टेबलाकडे पाहिलं. राजवाड्यातल्या त्या लांबच लांब टेबलावर बारीक रूळ बसवलेले होते आणि रुळांवर मद्याच्या सुरया वाहणारी चांदीची छोटी आगगाडी उभी होती. बालाघाटला रोज छोट्या लाइनीची गाडी पाहणाऱ्या बायकांना त्या इंजिनाचं फारच कौतुक वाटलं.

"गाडी सब मेहमानों के सामने से घूमती थी," गाईड सांगत होता. "जिसने सुराही उठाई, उसके सामने गाडी रुक गई."

"और न उठाए तो?" अंजनानं विचारलं.

"तो आगे निकल जाएगी, बहनजी. गाडी को क्या मालूम किसे प्यास है!"

बायका हसल्या आणि झुंबरं पाहायला पुढे निघाल्या. अंजना मात्र तिथंच थांबली.

बालाघाटच्या मराठी महिला मंडळाची ही पहिली लांबची सहल. मंडळाच्या अध्यक्ष कालिंदीताई, वकीलसाहेबांच्या पत्नी, यांनी कन्याशाळेतल्या अंजनाबाईंना आग्रहानं बरोबर घेतलं होतं. तिकीटबाबू असो की टांगेवाला, त्याच्याशी तिच्याइतकं ठसक्यात हिंदी बोलणारं मंडळात दुसरं कोणी नव्हतं. अंजना लालबर्र्याकडच्या खेड्यातली. छप्पन्न साली बापाबरोबर नागपूरला जाऊन दीक्षा घेतली, तेव्हा ती शाळकरी पोर होती. मंडळात हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी विषय काढत नसे. गाडीत डबे उघडले, तशी ती भाकरी घेऊन खिडकीशी सरकली. धर्मशाळेत पंगत बसली की तिला नेमकं टांगा ठरवायचं काम निघे, आणि मागाहून ती पायरीवर बसून जेवे. तसं कोणी तिला सांगितलं नव्हतं. सांगायची पाळी येऊ नये, याची काळजी तिनंच घेतली होती.

सकाळी गूजरी महालातल्या संग्रहालयात उमाकाकूंनी दिसेल त्या मूर्तीला हात जोडले होते, नाक तुटलेल्यांना जरा जास्तच भक्तिभावानं. मंडळात वयानं सगळ्यांत मोठ्या त्याच. बाघच्या लेण्यांतल्या चित्रांच्या नकला लावल्या होत्या, तिथं अंजना इतका वेळ उभी राहिली, की काकू मागे फिरून आल्या.

"काय पाहून राहिलीस गं एवढं?"

"आमची चित्रं हायेत, काकू. बुद्धाच्या लेण्यातली."

काकूंनी चित्राकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि पदर सावरून त्या पुढे गेल्या.

राजवाड्यातून निघताना जिन्याच्या काचेच्या कठड्याला हात लावायची मनाई होती. बायका भिंतीच्या कडेनं जपून उतरल्या. अंजना मधोमध उतरली.

धर्मशाळेत स्वयंपाकाच्या गोदाबाईनं पत्रावळी मांडून ठेवल्या होत्या. बायका बसू लागल्या.

"अंजनाबाई, किल्ल्यासाठी टांग्याचं बघता का जरा?" कालिंदीताई सवयीनं म्हणाल्या.

"बघते, ताई. जेवण झालं का मग बघते."

अंजनानं गठ्ठ्यातली एक पत्रावळ उचलली. "सरका बरं थोड्या," म्हणत ती कालिंदीताई आणि उमाकाकू यांच्या मध्ये बसली. बालाघाटला परतल्यावर याच बायकांच्या मुली तिच्यासमोर वर्गात बसायच्या होत्या. पण मांडी घातली ती घातली.

उमाकाकू उठल्या. "माझे गुडघे धरले बाई, भिंतीला टेकते," असं म्हणून आपली पत्रावळ घेऊन कोपऱ्यात जाऊन बसल्या. गोदाबाईचा डाव पातेल्यावरच थबकला.

"वाढा ना, गोदाबाई. भात गार होऊन राह्यला," अंजना म्हणाली.

गोदाबाईनं कालिंदीताईंकडे पाहिलं. ताईंचे कान लाल झाले होते.

"माझ्याकडे काय पाहता?" त्या म्हणाल्या. "पंगतीत बसल्या आहेत ना त्या?"

भात पडला. अंजनानं वरण दोनदा मागून घेतलं. कोणीतरी झुंबरांचा विषय काढला, तसा बायकांना पुन्हा कंठ फुटला. जेवणं उरकून एकेक जण हात धुऊन आली. सावकाश जेवणाऱ्या उमाकाकू तेवढ्या कोपऱ्यात राहिल्या होत्या.

"गोदा, लोणचं आण गं."

गोदाबाई पाण्याला विहिरीवर गेली होती. काकूंच्याच घरची कैरीच्या लोणच्याची बरणी मधोमध होती. अंजना नुकतीच हात पुसत आली होती. तिनं बरणी उचलली आणि काकूंसमोर जाऊन वाकली. झुंबरांच्या गप्पा थांबल्या.

काकूंनी बरणीकडे पाहिलं, उरलेल्या भाताकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. दारात कोणी नव्हतं.

"फोड नको," शेवटी त्या म्हणाल्या. "नुसता खार घाल."

अंजनानं फोडीसकट वाढलं.