लाल झरा आणि मी, एक कुदळ

मित्रांनो, मी एक जुनी कुदळ आहे. हडपसरच्या लोहाराने मला घडवले आणि पंधरा वर्षे मी बजरंगअण्णांच्या उसात पाण्याचे पाट काढले. मग त्या शेतात काचेचा आयटी पार्क उगवला. त्याला पाणी द्यावे लागत नव्हते, म्हणून मी भंगारात गेले. तिथून मला त्याच पार्कात नोकरी करणाऱ्या सलिलने उचलले. पुनर्वसन म्हणतात ते हेच असावे.

सलिल बिबवेवाडीचा. त्याला डोंगरात सायकल चालवण्याचे वेड. २००९ साली त्याने आणि ऑफिसातल्या अस्मिताने मुळशीपलीकडच्या ओल्या जंगलात सायकलची वाट करायची परवानगी मिळवली. अट एकच होती : खालच्या वस्तीच्या झऱ्याला धक्का लागता कामा नये.

डिसेंबरात आम्ही कामाला लागलो. ते जंगल पाहून मी घाव घालायचीच विसरले. झाडांवर शेवाळ, शेवाळावर नेचे, नेच्यावर एक गोगलगाय, आणि कोणालाच कसली घाई नव्हती. घाई फक्त आम्हाला होती. सलिलने वाट उतारावरून थेट खाली आखली, कारण सरळ रेघ स्लाइडवर छान दिसते. अस्मिताने ती खराट्याने झाडून लख्ख केली. मग सलिलने पाटी लावली : ‘वाटेवर पाने टाकू नयेत.’

वस्तीतल्या गोदाबाई पाटीसमोर येऊन थांबल्या. झाडांना वाचता येतं का, एवढंच त्यांनी विचारलं.

जुलैत परत गेलो. त्या जंगलात पाऊस पडत नाही, मुक्कामाला येतो. आमच्या वाटेच्या जागी लाल ओहोळ धावत होता. जन्मभर मी पाट काढले, पण इतका उत्तम पाट मला कधी जमला नव्हता, आणि तो सरळ झऱ्यात उतरला होता. गोदाबाईंच्या हंड्यात चहाच्या रंगाचं पाणी होतं.

‘‘आता आमी प्यायाचं काय?’’ त्या म्हणाल्या.

वाट बंद करतो, असं सलिल खाली मान घालून म्हणाला.

‘‘बंद केल्यानं माती माघारी येत न्हाई. पाऊस हाय तवर बघून घे, पान्याला कुठनं जायाचंय ते.’’

एकदा नवी वाट करून बघा, पण पुढच्या पावसात झरा लाल झाला तर मात्र तुम्ही पुन्हा इकडे फिरकायचं नाही, असं वस्तीने ठरवलं.

तीन दिवस सलिल आणि अस्मिता छत्री घेऊन गोदाबाईंच्या मागे फिरले. जिथून पाणी आपणहून उतरत होते तिथे झाडाला चिंधी बांधायची, एवढंच काम. मी खांद्यावरून पाहत होते. थेंब उघड्या मातीवर पडला की खड्डा करी, पानावर पडला की हळूच उतरून जाई. लाखो थेंब, आणि एकेका पानाने ते झेललेले! पाणी न्यायला मला येत होते. पाणी जाऊ द्यायला मी त्या वयात शिकले.

हिवाळ्यात नवी वाट काढली. उताराला आडवी, वळणे घेत जाणारी, बाहेरच्या बाजूला जराशी कललेली, म्हणजे पाणी वाटेवरून न धावता ती ओलांडून जाईल. चिंध्यांपाशी, पाण्याने माती उकरू नये म्हणून, दगड बसवले. जुनी वाट फांद्यांनी भरून टाकली. पाटी काढली, आणि पाने पडतील तिथे राहू दिली.

पुढच्या जुलैत सायकली घरी ठेवून आम्ही चालत गेलो. आठवडाभर पाऊस धो धो कोसळत होता. सलिल झऱ्याकडे बघेना. गोदाबाईंनी तांब्या बुडवला, उजेडात धरला आणि स्वतः न पिता त्याच्यापुढे केला.

‘‘पी.’’

तो प्यायला. तांब्याचा तळ स्वच्छ दिसत होता.

‘‘गोड आहे, मावशी.’’

‘‘मंग दसऱ्यापातुर सायकल आनू नगंस.’’

त्याने आणली नाही. आजही पावसाळ्यात तो आणत नाही.

ओल्या जंगलात वाट टिकते का, असे मला पुष्कळजण विचारतात. टिकते, मित्रांनो. फक्त चार महिने तिला पावसाच्या स्वाधीन करून आपल्याला घरी बसावे लागते. आणि कुठल्याही उतारावर पहिला घाव घालण्याआधी खाली उतरून विचारावे, इथले पाणी कोण पिते?