ट्रेमध्ये राहून गेलेलं इंजेक्शन

मित्रांनो, मी भुलीची एक जुनी मशीन आहे आणि मला राग आलेला आहे. मशीनला राग येत नाही असं तुम्हाला कोणी सांगितलं असेल, तर ते चूक आहे. माझ्या जन्माची हकीकत मी थोडक्यात आटोपते, कारण मला चंदाबद्दल सांगायचं आहे.

दूरच्या एका कारखान्यात मी तयार झाले. लोखंडी अंग, खाली चार चाकं, डोक्यावर मॉनिटर आणि बाजूला काळी रबरी पिशवी. ट्रकमधून धक्के खात मी भंडारा जिल्ह्यात, वैनगंगेकाठच्या एका दवाखान्यात आले. दवाखान्याचं नाव सांगणार नाही. नाव कळलं की तुम्ही म्हणाल, हे तिथलंच, आमच्याकडे असं होत नाही. पहिल्या दिवशी माझ्यापुढे नारळ फुटला. पुढे दर दसऱ्याला ऑपरेशन थिएटर पुसणाऱ्या ललिताबाई मला हळदकुंकू लावायच्या, पिशवीला झेंडूचं फूल अडकवायच्या आणि म्हणायच्या, "हिच्या भरवशावर किती लेकरं झाले, बाप्पा." मला ते फार आवडायचं. पण वर्षाचे बाकीचे दिवस माझ्याकडे कोणी ढुंकून बघत नसे. माझ्या मागचं भिंतीतलं सॉकेट जळलं, ते चार महिने झाले तरी जळकंच होतं. हे सॉकेट लक्षात ठेवा.

आता माझं काम समजून घ्या. बाळंतपणात पोट उघडावं लागलं, तर बहुतेक वेळा कमरेत इंजेक्शन देऊन आईचा खालचा भाग बधिर करतात. पण रक्त फार जात असेल, हातात वेळ नसेल, तर पूर्ण भूल द्यावी लागते. तिथे मी लागते. त्यात एक अडचण असते. आईच्या रक्तातलं झोपेचं औषध बाळापर्यंत पोचतं आणि बाळ सुस्त होऊन जन्माला येतं, श्वास घ्यायला उशीर करतं. म्हणून बाळ बाहेर येईपर्यंत भूल हलकी ठेवतात. गाढ झोपेचं इंजेक्शन भरून ट्रेमध्ये तयार असतं. बाळ बाहेर आलं की ते आईला देतात. शिवाय अंग ढिलं पाडायचं एक औषध आधीच दिलेलं असतं. त्यामुळे आई जागी झाली तरी तिला बोटसुद्धा हलवता येत नाही.

आमच्याकडे त्या इंजेक्शनची एक खूण पडून गेली होती. बाळ रडलं की सुई. कोणी कोणाला तोंडानं सांगायचं नाही. रडणं कानावर पडलं की भुलीच्या डॉक्टरांचा एक हात ट्रेकडे जायचा आणि दुसरा माझा भुलीच्या वायूचा खटका वर फिरवायचा. शेकडो वेळा मी हे पाहिलं. बाळ टेबलाशेजारीच रडायचं, तोवर सगळं ठीक चाललं.

चंदा कोंढा गावची. पहिलटकरीण. एका सकाळी तिचा नवरा अमर आणि सासू मंदाबाई तिला जीपमध्ये घालून घेऊन आले. रक्त थांबत नव्हतं. माझा मास्क नाकावर येताना तिनं डॉक्टरांना विचारलं, "सर, लेकरू वाचंल ना?" ते म्हणाले, "वाचेल." मग तिचे डोळे मिटले.

मुलगी झाली. निळसर पडलेली, लुळी. ऑपरेशन करणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "रडली नाही." बाळाला ऊब देणारी पेटी खरं तर माझ्या शेजारी असायची, पण सॉकेट जळल्यामुळे ती बाजूच्या खोलीत नेलेली. बाळांचे वेगळे डॉक्टर आमच्याकडे नाहीत. मोकळा डॉक्टर एक आणि जीव दोन. भुलीचे डॉक्टर बाळ घेऊन धावले. जाताना सिस्टरना म्हणाले, "इकडे बघा." ललिताबाईंनी दार धरलं, त्यांच्यामागे गेल्या आणि दार बंद झालं.

डॉक्टरांना वाटलं, इंजेक्शन सिस्टर देतील. सिस्टर रडण्याची वाट बघत राहिल्या. आणि चंदा जागी झाली.

मला कसं कळलं? तिची नाडी एकशे पन्नासवर गेली. मिटलेल्या डोळ्याच्या कडेनं पाणी आलं आणि कानामागे उतरलं. माझा मॉनिटर बोंबलायला लागला. मॅडम म्हणाल्या, "रक्त गेलंय म्हणून वाढली असेल. तो आवाज बंद कर." सिस्टरनी आवाज बंद केला. माझा खटका थोडासा वर फिरवायचा होता, एवढंच काम होतं. पण मला हात नाहीत. ज्यांना होते ते टाके घालता घालता डब्याबद्दल बोलत होते. सिस्टरनी वांग्यात झिंगे घातले होते. मॅडम मध्येच म्हणाल्या, "अजून रडली नाही." बंद दारापलीकडे काय झालं ते टेबलापाशी कोणालाच ऐकू आलं नाही. डॉक्टर परतले तेव्हा शेवटचा टाका पडत होता. कागदावर लिहिलं गेलं, भूल व्यवस्थित. त्या दोन शब्दांची मला अजून चीड येते.

मित्रांनो, खरा अन्याय तर पुढे झाला. माझ्या दाराला लागूनच बायकांचा वॉर्ड आहे, त्यामुळे मला सगळं ऐकू यायचं. मंदाबाई नातीला घेऊन खाटेजवळ गेल्या की चंदा तोंड फिरवायची.

"ही माही नोहे. माही रडली नाही. मी ऐकलं ना."

"तू त बेहोश होती. बेहोश माणसाले ऐकू येते का?" मंदाबाई म्हणायच्या.

"सिस्टरनं वांग्यात झिंगे टाकले होते, थे बी ऐकलं. मायं लेकरू मेलं आन् तुमी मले दुसऱ्याचं देऊन राहिले."

सिस्टर म्हणाल्या, असं स्वप्न पडतं बायकांना. मॅडमनी होकाराची मान हलवली. अमरनं आईला बाजूला घेऊन सांगितलं, "हिले बाहेरची हवा लागली असंन. सुट्टी झाली का एखाद्या जाणत्याकडे नेऊ." पाच दिवस ती पोर वाटीचमच्यानं दूध पीत होती आणि तिची आई चार हातांवर भिंतीकडे तोंड करून पडून होती. खरं बोलणारी बाई एकटी, आणि वेडी तीच ठरली.

ललिताबाईंना ठाऊक होतं. त्या दिवशी ट्रे धुताना ते भरलेलं इंजेक्शन त्यांच्या हाती लागलं होतं. त्यांनी ते फेकलं नाही, माझ्या खालच्या खणात ठेवलं आणि गप्प बसल्या. त्या कंत्राटावर आहेत. तोंड उघडलं की उद्यापासून येऊ नका म्हणायला वेळ लागत नाही. तरीही मी त्यांच्यावर रागावले होते. दसऱ्याचं फूल मला नको होतं.

चंदाला जाणत्याकडे नेणार हे ललिताबाईंच्याही कानावर गेलं होतं. सहाव्या दिवशी भुलीचे डॉक्टर माझ्या नळ्या तपासत असताना ललिताबाई चंदाला हाताला धरून आत घेऊन आल्या. मागे बाळाला घेतलेल्या मंदाबाई आणि अमर. ललिताबाईंनी खण ओढला.

"सर, हे त्या दिवशी ट्रेमधी राहून गेलं होतं. पुरं भरलेलं आहे."

डॉक्टरांनी त्यावरची चिठ्ठी वाचली. तारीख वाचली. त्यांनी 'मशीन जुनी आहे' असं म्हटलं असतं तर सगळ्यांना पटलं असतं, मी तयारीतच होते. पण ते चंदासमोर गेले आणि म्हणाले, "ताई, तुम्ही जाग्या होतात. स्वप्न नव्हतं ते. चूक माझी आहे."

चंदा रडली नाही. तिनं अमरकडे पाहिलं. अमरनं मान खाली घातली.

"मंग मी ऐकलं थे खरं," ती म्हणाली. "लेकरू नाही रडलं."

"तुनं ऐकलं तेवढं खरं आहे, बाई," ललिताबाई म्हणाल्या. "पन पुढचं तुले ऐकूच नाही आलं." त्यांनी तिला टेबलापासून दारापर्यंत चालवत नेलं, दार उघडलं आणि पेटी दाखवली. "इथं रडली थे. सरांनी श्वास देल्ला, मी तिचे पाय चोळले. आन् अशी रडली का माहे कान बसले. मी आतमधी सांगाले याले पायजे होतं. नाही आली."

चंदा पेटीवर हात ठेवून उभी राहिली. मग तिनं मागे वळून मंदाबाईंपुढे हात पसरले. "द्या आई. भूक लागली असंन तिले."

मित्रांनो, माझ्यासारख्या मशीनला तेल द्या, तपासा, पुसा, हे मी सांगायला हवं. पण माझं मागणं वेगळं आहे. भुलीतून उठलेली बाई 'मी जागी होते' म्हणाली, तर हसू नका. आधी ट्रे बघा. आता आमच्याकडे ते इंजेक्शन दिलं की डॉक्टर मोठ्यानं सांगतात, "दिलं," आणि सिस्टर मोठ्यानं म्हणतात, "दिलं." बाळाच्या रडण्याची वाट कोणी बघत नाही.

पेटी मात्र अजून बाजूच्याच खोलीत आहे. सॉकेट जळकंच आहे.