कोरडा रस्ता

शाळेत त्यांना सगळे घर्षणबाई म्हणत. पाठीमागे, अर्थात, तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. बाई विज्ञान शिकवायच्या झकास, पण शिस्तीच्या बाबतीत एकदम खाष्ट. पहिली घंटा झाली की वर्गाचं दार बंद, वर आतून कडी. चाचणी असेल त्या दिवशी तर साक्षात देव आला असता तरी बाहेर ताटकळला असता.

घंटा द्यायचे गेटवरचे पहारेकरी. पोरं त्यांना घंटाकाका म्हणायची. कुणी धापा टाकत येताना दिसलं, की ते हळूच टोल लांबवायचे. बाईंना ते कळायचं. "घंटा वाजवताय की अंगाई गाताय?" असं त्या त्यांना फाडकन सुनावायच्या, आणि काका नुसते हसायचे.

तेच काका गेले. चाचणीच्या दिवशी सकाळी, गेटसमोर, शाळेच्याच बसखाली. बसचा ड्रायव्हर कोठडीत होता आणि त्याची मुलगी नववीत पहिल्या बाकावर. ड्रायव्हर छातीवर हात ठेवून सांगत होता, "मी तीसच्या वर नव्हतो." शाळेसमोर तीसचीच मर्यादा होती. त्याचं म्हणणं खरं ठरलं तर तो सुटणार, नाहीतर बारा वाजले त्या घराचे. पोरीचा जीव तेवढ्यावर टांगलेला होता.

बाई दरवर्षी घर्षणाचा धडा मैदानावर घ्यायच्या. सायकल पळवायची, करकचून ब्रेक मारायचा, टायरची खूण टेपने मोजायची आणि खुणेवरून वेग काढायचा. यंदा त्यांनी सायकलीचं नावच काढलं नाही. मुकाट्याने फळ्यावर सूत्र लिहिलं. पण पोरगी उभी राहिली.

"बाई, गेटसमोर बसच्या टायरची खूण आहे अजून. ती मोजू या. म्हणजे सगळ्यांची तोंडं बंद होतील."

बाईंना वाटलं, अगं बये, कशाला विषाची परीक्षा? पण पोरीच्या डोळ्यांत बघून नाही म्हणवेना. सगळा वर्ग खाली गेला. टेपचं एक टोक पोरीने स्वतः धरलं. खूण अकरा मीटर भरली.

वर आल्यावर बाईंनी सवयीने कडी लावली. पोरीने फळ्यावर अकरा लिहिले आणि विचारलं, "घर्षणांक किती घ्यायचा, बाई? कोरड्या रस्त्याचा की ओल्या?"

अपघात झाला त्या दिवशी बाई धावत खाली गेल्या होत्या. रस्ता ठणठणीत कोरडा होता. ओला झाला तो नंतर, रक्त धुवून काढलं तेव्हा. हे बाईंना स्वच्छ आठवत होतं, आणि ओला धरला तर पकड कमी, म्हणून वेगही कमी निघतो, हेही ठाऊक होतं. फळ्यापुढे उभं राहून आजवर त्यांनी एकही आकडा खोटा सांगितला नव्हता.

"ओला," बाई म्हणाल्या. "शून्य पूर्णांक तीन."

पोरीने गणित सोडवलं. उत्तर आलं ताशी एकोणतीस. सगळ्या वर्गाने हुश्श केलं. मागून कुणीतरी टाळीही वाजवली. बाईंनी खडू खाली ठेवला. मनात म्हणाल्या, सुटलो बाई एकदाचे.

पोरगी मात्र फळ्यासमोरून हलेना. आकड्याकडे बघत राहिली. मग तिने डस्टर उचललं, तीन पुसले आणि तिथे सात लिहिले.

"अगं, काय करतेस?"

"कोरडा होता, बाई. काकांच्या शर्टाला धूळ लागली होती. मी झटकली ना ती. मला वाटलं, ते उठतील आता."

ती सोडवत गेली. वर्गमूळ काढतानाही कुठे चुकली नाही. चुकणार कशी? बाईंनीच शिकवलेलं. पंचेचाळीस. उत्तराखाली तिने दोन रेघा मारल्या, बाईंना आवडायच्या तशा.

"बरोबर आहे का, बाई?"

बाईंनी वरपासून खालपर्यंत गणित पाहिलं. कुठेतरी चूक सापडावी म्हणून पुन्हा पाहिलं.

"बरोबर आहे," त्या कशाबशा म्हणाल्या. मग आवाज चढवून म्हणाल्या, "पण एवढी कसली घाई होती गं तुझ्या बापाला? शाळेच्या दारात?"

पोरीने पहिल्यांदा वर बघितलं. तिला हुंदका आवरेना.

"त्यांना नव्हती घाई. मीच मागे लागले होते, बाबा जोरात घ्या, जोरात घ्या म्हणून. घंटा सुरू झाली होती. काका आम्हाला बघून टोल लांबवत होते, मग लवकर या म्हणून हात करत रस्त्यावर आले." तिने बाहीने नाक पुसलं. "चाचणी होती ना, बाई. तुम्ही दार लावून घेता."

बाईंनी दाराकडे पाहिलं. कडी लावलेलीच होती.