चहाआधीची काच

"आधी चहा घे ना! तोवर काच स्वच्छ दिसायला लागेल," प्रयोगशाळेतली सोबतीण तिला म्हणाली. पण तिने ऐकलं नाही. शौचाच्या नमुन्यावर ग्लिसरीनमध्ये भिजवलेली पट्टी दाबली आणि काच तशीच मायक्रोस्कोपखाली सरकवली.

आज तिला कुठला धीर! नमुना धाकट्या जावेचा होता. ती पोर पांढरीफटक पडली होती, जिना चढताना धापा टाकायची, भांडी घासता घासता ओट्याला टेकायची. "कामचुकार आहे, दुसरं काही नाही," सासूबाई म्हणायच्या. मागे दोनदा इथेच शौच तपासलं, दोन्ही वेळा काही निघालं नाही. झालं! घरात नाटकी म्हणून तिच्यावर शिक्का बसला. आता तर तिला कायमचं माहेरी धाडायचं घाटत होतं.

ती काच इंचाइंचाने सरकवत राहिली. आणि अरे देवा! पातळ कवचाचं, लांबट गोल अंडं. शेजारी दुसरं. ते बघ, तिसरं!

"सापडली! हुकवर्म जंताची अंडी! अगं, धावत ये!"

सोबतीण कपासकट धावली. "अगं बाई, खरंच की! रक्त पितात मेले. पोर पांढरी पडेल नाही तर काय!"

दोघींनी टाळ्या दिल्या, कपातला निम्मा चहा फरशीवर सांडला. तासाभराने डॉक्टर आले. बघतात तर काय, काचेवर एक अंडं नाही! ग्लिसरीनमध्ये सगळी विरून गेली होती.

"म्हणजे आपण रोज चहा पिऊन येईपर्यंत..." सोबतिणीने जीभ चावली.

"ताजी काच करा," डॉक्टर म्हणाले. ताज्या काचेवर अंडीच अंडी. डॉक्टरांनी हसत हसत अहवालावर सही ठोकली.

तिने तिथूनच घरी फोन लावला. सासूबाईंनी उचलला.

"आई, सापडलं! तिच्या पोटात जंत आहेत, रक्त पिणारे. गोळ्यांनी खडखडीत बरी होईल. नाटक नव्हतं हो ते!"

पलीकडून खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"आई? ऐकताय ना?"

"ऐकतेय." मग हळूच, "काम करता करता डोळ्यांपुढे अंधारी येते, ती त्यानेच का गं?"

"हो, त्यानेही येते."

"मला लग्न झाल्यापासून येते," सासूबाई म्हणाल्या. "मला वाटायचं, सगळ्याच बायकांना येत असेल. येताना माझ्यासाठीही त्या गोळ्यांची एक डबी आण."