टेकाडावरचा गोरा

जीप आंबिवलीत शिरली तेव्हा भिवा खळ्यावर भात झोडत होता. इंग्रज गेले, दिवाळीसुद्धा होऊन गेली, तरी गाडीत गोरा माणूस दिसला आणि भिवाच्या हातातला भारा खाली पडला.

देवळापुढे गाव गोळा झालं. गोऱ्यासोबत कल्याणच्या मामलेदार कचेरीतला कारकून होता, त्र्यंबक. तो मोठ्याने सांगू लागला, "हे साहेब अमेरिकेचे आहेत. लढाईच्या दिवसांत पावसाळ्यात त्यांचं एक विमान घाटात पडलं. विमान सापडलं, पण ते चालवणारा सापडला नाही. परमुलखात मेलेली आपली माणसं ते घरी नेतायत. कुणाला काही ठाऊक असेल तर सांगा. घाबरू नका."

घाबरू नका म्हटल्यावर भिवाला जास्तच घाम फुटला. गर्दीत त्याची मुलगी शालू उभी होती. तिच्या अंगात पांढरंशुभ्र, गुळगुळीत झंपर होतं. तसलं कापड कल्याणच्या बाजारात कुठेच मिळत नव्हतं. भिवाने तिच्या दंडाला धरून तिला घराकडे ओढलं.

"झंपर काढ. चुलीत घाल."

"का पन, बाबा?"

"सांगतो तेवढा कर!"

बायजा मागोमाग आली. तिने दार लोटून घेतलं. "अवो, सांगून टाका. त्याची मानसं त्याला शोधतान."

"आन मना फासावर देतील ते? मारुतीचा काय केलान, विसरलीस?"

बायजा विसरली नव्हती. लढाईच्या काळात गावातल्या मारुतीने गोऱ्यांच्या छावणीबाहेर पडलेला तारेचा तुकडा उचलला होता. शिपायांनी त्याला इतकं मारलं, की तो पुन्हा सरळ चालला नाही. त्यानंतर थोड्याच दिवसांत, आषाढातल्या झोडपत्या पावसात, तो गोरा पोरगा विमानातून उडी टाकून कापडी छत्रीला लटकत त्यांच्या टेकाडावर सागाच्या झाडीत पडला होता. कंबर मोडलेली, तोंडातून रक्त. भिवाला छावणीत जाऊन सांगायचं होतं. तो बांधापर्यंत गेला आणि मारुतीची आठवण होऊन माघारी फिरला. दिवस मावळायच्या आत पोरगा गेला. दोघांनी त्याला तिथेच पुरलं. छत्रीचं कापड तेवढं बायजाने ठेवलं.

"मना भ्या वाटते," भिवा म्हणाला.

"मनापन वाटते," बायजा म्हणाली आणि दार उघडून देवळाकडे चालू लागली. तिला एकटीला जाऊ देण्याचंही भिवाला भय वाटलं, म्हणून तो मागे निघाला.

टेकाडावर बायजाने जागा दाखवली. साहेबाने जीपमधून आणलेल्या मजुरांनी हळूहळू माती काढली. आधी बुटाचा तळ दिसला, मग हाडं. गळ्यातल्या साखळीतला नाव कोरलेला पत्रा साहेबाने अंगठ्याने पुसला, वाचला आणि डोक्यावरची टोपी काढली. मग त्याने काहीतरी विचारलं.

त्र्यंबक भिवाकडे वळला. "साहेब विचारतायत, तो पडला तेव्हाच मेला होता का?"

"हो," भिवा घाईने म्हणाला. "तवाच. पडल्या पडल्या."

"नाय," बायजा म्हणाली.

भिवाने तिच्याकडे असं पाहिलं, की जणू तिने त्याला विहिरीत ढकललं होतं.

त्र्यंबकने आवाज खाली आणला. "बाई, नीट विचार करा. जिवंत होता म्हटलंत, तर दवाखान्यात का नेलं नाही, हे ते विचारणारच."

"इचारू दे. सकालपासून जिता होता. यांच्या हातात कोयता होता. तो बघून वरडला पोरगा. आमालाच घाबरला. मी कोयता खाली फेकून दिला, त्याच्या बाजूला बसली. पेज पाजली, पोटात राह्यली नाय. मंग त्याने माझा हात धरला, तो शेवटपरत सोडला नाय."

त्र्यंबक एकेक वाक्य इंग्रजीत सांगत गेला. साहेबाने पुढचा प्रश्न भिवाकडे बघूनच विचारला. तो भिवाला भाषा न कळताही कळला.

"मी भ्यालो," भिवा म्हणाला. त्याने मारुतीची सगळी हकिकत सांगितली. सांगताना तो सागाच्या खोडाला टेकला.

साहेब ऐकत राहिला. मग थोडंसंच बोलला आणि हाडं बांधायला वळला.

"काय म्हनला?" बायजाने विचारलं.

"त्याची आई वाट बघतेय म्हणाले. शेवटी कुणीतरी बाई जवळ होती, एवढं तिला सांगतील."

जीप गेली. पण भिवाची भीती गेली नाही. साहेब बायजाबद्दल बोलला ते ठीक, पण भिवाबद्दल काहीच बोलला नव्हता. रस्त्यावर मोटार वाजली की तो पेंढ्याच्या उडवीमागे जाऊन बसे. जेवण तुटलं. बायजा समजूत घाली, तो नुसता रस्त्याकडे बघत राही.

होळीच्या सुमारास त्र्यंबक कुणाच्या तरी जमिनीच्या मोजणीसाठी मोजणीदारांना घेऊन गावात आला. बायजाने भिवाला हाताला धरून त्याच्यापुढे नेलं.

"भाऊसाहेब," भिवाने कसंबसं विचारलं, "मना कवा नेतील?"

त्र्यंबकला आधी अर्थच लागेना. लागला तेव्हा तो खाली बांधावर भिवाशेजारी बसला. "अरे, तुला कोण नेणार? ते साहेब कधीच बोटीत बसून गेले. जाताना मला एवढंच म्हणाले, तो माणूस घाबरला, त्याच्या जागी मीही घाबरलो असतो."

भिवाने डोक्याचा पंचा सोडून तोंडावर घेतला आणि भर उन्हात, मोजणीदारांच्या देखत, मोठ्याने रडू लागला. बायजाने त्याला थांबवलं नाही.